कापसाच्या गाठीची ओळख : शेतातील थैलीपासून सूतगिरणीपर्यंत क्रमांक कसा जपावा?

खरिपाची पेरणी झाली, पाऊसही वेळेवर पडला, पण बियाणे उगवलेच नाही, तर शेतकरी प्रथम काय शोधतो? बियाण्याची रिकामी पिशवी, तिला लावलेली खूणचिठ्ठी आणि दुकानदाराची पावती. तालुकास्तरीय तक्रार निवारण समितीकडे तक्रार करावयाची तर पिशवीवरील लॉट क्रमांक हाताशी असावा लागतो. त्या एका क्रमांकावरून बियाणे कोणत्या कंपनीचे, कोणत्या लॉटमधील व केव्हा तपासलेले हे मागे जाऊन पाहता येते. क्रमांक नसेल तर तक्रार खरी असूनही ती सिद्ध करणे अवघड जाते.

हाच शेतकरी पाच-सहा महिन्यांनी कापूस विकावयास नेतो. तेव्हा त्याच्या मालावर मात्र कोणताही क्रमांक नसतो. स्वच्छ वेचलेला कापूस आणि काडीकचरा, कवडी मिसळलेला कापूस जिनिंगच्या ओट्यावर एकाच गंजीत जातो आणि त्यानंतर कोणाचा माल कोणता हे कोणालाच सांगता येत नाही. चांगल्या मालाचे श्रेय हरवते आणि वाईट मालाचा दोष सर्वांच्या वाट्याला येतो.

बुलडाणा जिल्ह्यात घाटाखालील मलकापूर, नांदुरा, मोताळा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद व संग्रामपूर हा जुना कापूस पट्टा आहे. या भागातील शेतकरी गट आणि उत्पादक कंपन्या आता कापूस न विकता रुईच्या गाठी करून विकण्याचा विचार करू लागल्या आहेत. अशा वेळी गाठीवरील क्रमांक म्हणजे काय, तो कसा वाचावा आणि त्याचा खरा उपयोग होण्यासाठी शेतापासून काय करावे लागते याची माहिती असणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात ती दिली आहे.

मालाला क्रमांक कशासाठी?

माल एका हातातून दुसऱ्या हातात जातो तेव्हा तीन प्रश्न उभे राहतात. हा माल कोणता? तो कोणाकडून आला? तो पुढे कोणाकडे गेला? माल थोडा असेल आणि माणसे ओळखीची असतील तर ही उत्तरे तोंडी मिळतात. परंतु शेगावजवळच्या शेतातील कापूस जिनिंग, प्रेसिंग, वखार, सूतगिरणी, विणकाम व शिलाई असा प्रवास करून परदेशातील दुकानात पोचतो, तेव्हा तोंडी माहिती उपयोगाची राहत नाही. प्रत्येक टप्प्यावर सर्वांना सारखाच समजेल असा क्रमांक लागतो. यालाच प्रमाणित ओळख क्रमांक म्हणतात.

चांगल्या ओळख क्रमांकाचे तीन गुण आहेत. पहिला, तो एका वस्तूला एकदाच दिलेला असतो. दोन गाठींना एकच क्रमांक नसतो. दुसरा, त्याची अंकसंख्या व रचना ठरलेली असते. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा गुण म्हणजे त्या क्रमांकाच्या मागे नोंदवही असते. क्रमांक स्वतः काहीच सांगत नाही. तो फक्त नोंदवहीतील योग्य पानाकडे नेतो. पान कोरे असेल तर कितीही आधुनिक क्रमांक असला तरी तो नुसती शाई ठरतो.

खामगावची बाजारपेठ आणि १९२५ चा कायदा

गाठीवर खूण करण्याची गोष्ट आपल्याकडे नवी नाही. खामगाव ही एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडातील कापसाची मोठी बाजारपेठ होती. केवळ येथील कापूस मुख्य लोहमार्गापर्यंत नेण्यासाठी जलंब ते खामगाव अशी सुमारे १३ किलोमीटरची शाखा टाकण्यात आली. १८७० साली तत्कालीन व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी तिचे उद्घाटन केले. वऱ्हाडातील कापूस मुंबई व लिव्हरपूलच्या बाजारात 'ऊमरा' या व्यापारी नावाने ओळखला जाई. हे नाव अमरावतीवरून पडले.

व्यापार वाढला तशी भेसळही वाढली. लांब धाग्याच्या रुईत आखूड धाग्याची रुई मिसळणे, वजन वाढविण्यासाठी पाणी मारणे, एका भागातील हलका कापूस दुसऱ्या भागात नेऊन तेथील चांगल्या नावाने विकणे असे प्रकार होऊ लागले. गाठ बांधली गेली की आतील माल दिसत नाही आणि गाठ कोणत्या कारखान्यातील हेही कळत नाही, म्हणून दोषी सापडत नसे. फसलेला खरेदीदार मग त्या भागातील सर्वच कापसाला भाव कमी देई. यात नुकसान प्रामाणिक शेतकऱ्याचे होते.

या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी १९१७ साली भारतीय कापूस समिती नेमण्यात आली व १९२१ साली मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली. पुढे दोन कायदे झाले. १९२३ च्या कापूस वाहतूक कायद्याने चांगल्या कापसाच्या भागात बाहेरचा हलका कापूस आणण्यावर निर्बंध घालण्याची सोय केली. १९२५ च्या कापूस जिनिंग व प्रेसिंग कारखाने कायद्याने असे ठरविले की, प्रत्येक गाठ प्रेस घरातून बाहेर काढण्यापूर्वी तिच्यावर कारखान्याची ठरवून दिलेली खूण आणि अनुक्रमांक घालावा. कारखान्याची खूण अधिक अनुक्रमांक, हा गाठीचा ओळख क्रमांकच होता. आजच्या क्यूआर कोडचे मूळ तत्त्वही हेच आहे.

त्या कायद्याची मर्यादाही लक्षात घ्यावी. गाठ कोणत्या कारखान्यात बांधली हे खुणेवरून कळत असे, परंतु कापूस कोणत्या गावचा व कोणत्या वाणाचा हे कळत नसे. कारखान्याच्या मागे, शेताच्या दिशेने जाणारी वाट तेथेच बंद होत असे. शंभर वर्षांनंतरही आपल्या बहुतेक गाठींची स्थिती तीच आहे.

आज वापरात असलेले क्रमांक

दुकानातील साबणाच्या वडीवर किंवा बिस्किटाच्या पुड्यावर आपण उभ्या काळ्या रेषा पाहतो. त्यांना बारकोड म्हणतात. अमेरिकेतील ओहायो राज्यात २६ जून १९७४ रोजी एका दुकानात असा कोड प्रथम यंत्राने वाचून विक्री झाली. या क्रमांकांचे जागतिक नियम जीएस-१ ही संस्था ठरविते. तिची भारतीय शाखा १९९६ साली सुरू झाली. तिच्याकडे नोंदलेल्या कंपन्यांचे क्रमांक ८९० ने सुरू होतात. येथे एक गैरसमज दूर करावा. ८९० याचा अर्थ माल भारतात पिकला किंवा तयार झाला असा होत नाही. कंपनीची नोंदणी भारतीय शाखेकडे आहे एवढेच त्यावरून समजते.

शेतमालाच्या वाहतुकीत पुढील क्रमांक भेटतात.

१) वस्तूचा क्रमांक : हा सहसा १३ अंकी असतो. तो वस्तूचा प्रकार सांगतो. एकाच प्रकारच्या हजारो पुड्यांवर हा क्रमांक सारखाच असतो.

२) ठिकाणाचा क्रमांक : हाही १३ अंकी असतो. वखार, कारखाना किंवा पॅकहाऊस यांना तो दिला जातो.

३) वाहतुकीच्या नगाचा क्रमांक : हा १८ अंकी असून त्याला एसएससीसी म्हणतात. प्रत्येक पेटीला, फळीवर रचलेल्या प्रत्येक थप्पीला किंवा गाठीला तो वेगळा असतो. पहिला अंक पाठविणाऱ्याने निवडलेला, पुढील १६ अंकांत कंपनीचा क्रमांक व अनुक्रमांक आणि शेवटचा अंक तपासणीचा असतो. माल रवाना झाल्यापासून किमान एक वर्ष तोच क्रमांक पुन्हा वापरता येत नाही.

४) कंटेनरचा क्रमांक : न्हावा शेवा बंदरातून जाणाऱ्या प्रत्येक कंटेनरवर चार अक्षरे, सहा अंक व शेवटी एक तपासणी अंक रंगविलेला असतो. मालवाहू कंटेनरच्या बाबतीत चौथे अक्षर 'यू' असते.

कापसाच्या गाठीबाबत अमेरिकेची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. तेथे प्रत्येक गाठीला १२ अंकी कायम क्रमांक असतो. पहिले पाच अंक जिनिंग कारखान्याची ओळख देतात व पुढील सात अंक गाठीचा अनुक्रमांक असतात. गाठीतून काढलेल्या नमुन्यावर हाच क्रमांक जातो. प्रयोगशाळेत धाग्याची लांबी, ताकद व तलमपणा यंत्राने मोजला की तो निकाल त्याच क्रमांकावर नोंदला जातो. त्यामुळे सूतगिरणी गाठ न फोडता, न पाहता, केवळ क्रमांकावरून खरेदी करू शकते.

आपल्या देशात ७ ऑक्टोबर २०२० रोजी, जागतिक कापूस दिनी, भारतीय कापसासाठी 'कस्तुरी' हे नाव व बोधचिन्ह जाहीर झाले. डिसेंबर २०२२ मध्ये भारतीय कापूस महामंडळ व टेक्सप्रोसिल ही सुती वस्त्र निर्यात प्रोत्साहन परिषद यांच्यात त्यासाठी करार झाला. ठरविलेल्या प्रतीत बसणाऱ्या गाठीवर स्वतंत्र क्यूआर कोड लावला जातो. महामंडळाने खरेदी केलेल्या कापसाच्या गाठींवरही अलीकडच्या हंगामांत असा कोड लावण्यास सुरुवात झाली आहे.

बाजार हा पुरावा का मागतो?

२०१६ साली अमेरिकेतील एका मोठ्या दुकान-साखळीच्या लक्षात आले की, इजिप्तच्या कापसाच्या म्हणून विकलेल्या सुमारे साडेसात लाख चादरी व अभ्रे त्या कापसाचे नव्हतेच. माल भारतातून गेलेला होता. त्यानंतर कापूस नेमका कोठून आला हे दाखवा, अशी मागणी परदेशी खरेदीदार अधिक आग्रहाने करू लागले. जून २०२२ पासून चीनच्या शिनजियांग प्रांतातील कापसापासून बनलेल्या मालाला अमेरिकेने कायद्याने आपली दारे बंद केली. त्यामुळे कापड पाठविणाऱ्याला आता रुईच्या उगमाचे कागद दाखवावे लागतात. म्हणजे भारतीय गाठीवरचा क्रमांक ही केवळ हौस राहिलेली नाही.

फळांच्या बाबतीत आपण हा धडा आधीच शिकलो आहोत. २००३ साली युरोपात पाठविलेल्या आपल्या द्राक्षांत कीडनाशकांचे अवशेष आढळल्याने निर्यातदार अडचणीत आले. त्यानंतर २००६ साली अपेडाने 'ग्रेपनेट' ही पद्धत सुरू केली. तीत बागेची नोंदणी होते, बागेला क्रमांक मिळतो व पेटीपासून बागेपर्यंत मागे जाता येते. द्राक्षात हे तुलनेने सोपे आहे, कारण घड बागेतून थेट पेटीत जातो. कापसाची अडचण वेगळी आहे. ती पुढे पाहू.

साखळी कोठे तुटते?

एक क्विंटल कापसापासून साधारणपणे ३४ किलो रुई मिळते असे धरू. आपल्याकडील प्रमाण गाठ १७० किलोची असते. म्हणजे एका गाठीसाठी सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. व्यवहारात १०० गाठींचा एक लॉट धरतात. त्यासाठी ५०० क्विंटल कापूस हवा. कोरडवाहू शेतकऱ्याकडे एका खेपेला १०-१२ क्विंटल कापूस असतो असे मानले, तर एका लॉटमध्ये ४० ते ५० शेतकऱ्यांचा माल येतो.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, गाठीवरून एकट्या शेतकऱ्यापर्यंत पोचणे लहान शेतीच्या आपल्या भागात बहुधा शक्य नाही. कोणी तसे आश्वासन देत असेल तर सावध असावे. दुसरी, गाठीवरून एका गावापर्यंत किंवा एका गटापर्यंत पोचणे पूर्णपणे शक्य आहे. मात्र त्यासाठी गटाची गंजी वेगळी राहिली पाहिजे.

साखळी तुटते ती जिनिंगच्या ओट्यावर. गाडी रिकामी झाली की आधीच्या गंजीवर नवा कापूस पडतो. खेडा खरेदीतील कापूस असेल तर तो व्यापाऱ्याच्या गोदामातच मिसळलेला असतो. त्यानंतर कितीही चांगला कोड लावला तरी तो मिसळलेल्या मालाचाच कोड होतो. म्हणून क्रमांक प्रेसमध्ये सुरू होत नाही, तो शेतातील थैलीपासून सुरू होतो हे पक्के ध्यानात ठेवावे.

गटाने आपला क्रमांक कसा तयार करावा?

सुरुवातीला कोणत्याही संस्थेचे सदस्यत्व घेण्याची गरज नाही. गटाने स्वतःचा साधा क्रमांक ठरवावा. पुढील दहा अंकी रचना बहुतेक गटांना पुरेशी होईल.

पहिले दोन अंक : हंगाम (२०२६-२७ साठी २६)
पुढील दोन अंक : गाव
पुढील तीन अंक : गटाच्या यादीतील शेतकऱ्याचा क्रमांक
पुढील एक अंक : वेचणी (पहिली १, दुसरी २)
शेवटचे दोन अंक : थैलीचा अनुक्रमांक

उदाहरणार्थ, २६ ०४ ०१७ १ ०६ म्हणजे २०२६-२७ चा हंगाम, चौथे गाव, सतरावा शेतकरी, पहिली वेचणी, सहावी थैली. मोकळ्या जागी शून्य लिहावे, जागा सोडू नये. क्रमांकात मोबाईल क्रमांक, आधार क्रमांक किंवा नाव घालू नये. ती माहिती गटाच्या नोंदवहीतच राहू द्यावी.

लिहिताना अंकांची अदलाबदल ही नेहमीची चूक आहे. ती पकडण्यासाठी शेवटी एक तपासणी अंक जोडावा. जगभरच्या बारकोडमध्ये वापरली जाणारी रीतच येथे वापरता येते. ती अशी :

(अ) उजवीकडून सुरुवात करून अंकांना आळीपाळीने ३ व १ ने गुणावे.
(आ) सर्व गुणाकारांची बेरीज करावी.
(इ) ती बेरीज पुढच्या पूर्ण दशकापर्यंत नेण्यासाठी जो अंक मिळवावा लागेल तो तपासणी अंक. बेरीज मुळातच पूर्ण दशक असेल तर तपासणी अंक शून्य.

वरील उदाहरणात उजवीकडून अंक ६, ०, १, ७, १, ०, ४, ०, ६, २ असे येतात. त्यांचे गुणाकार १८, ०, ३, ७, ३, ०, १२, ०, १८, २ असे होतात. बेरीज ६३. पूर्ण दशक ७० होण्यास ७ हवेत. म्हणून पूर्ण क्रमांक २६०४०१७१०६७ असा होईल.

आता समजा, लिहिणाऱ्याने ०१७ ऐवजी ०७१ लिहिले. तर बेरीज ७५ येईल व त्यात ७ मिळविले की ८२ होतील. हे पूर्ण दशक नाही, म्हणजे क्रमांक चुकला आहे. थैली दुसऱ्या शेतकऱ्याच्या नावावर जाण्याआधीच चूक हाती लागते. या रीतीने एका अंकाची प्रत्येक चूक सापडते. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदलही बहुधा सापडते; फक्त १ व ६ किंवा २ व ७ असे पाचाच्या फरकाचे अंक उलटले तर ती निसटते. यासाठी यादी तयार करताना ०१६ व ०६१, ०२७ व ०७२ अशा जोड्यांपैकी एकच क्रमांक शेतकऱ्याला द्यावा.

वेचणीपासून गाठीपर्यंत करावयाची कामे

१. गावात शक्यतो एकाच प्रकारच्या, समान धाग्याच्या वाणाची लागवड करावी. 'एक गाव एक वाण' असेल तर गंजी वेगळी ठेवण्याचे निम्मे काम पेरणीच्या वेळीच होते. राज्याच्या स्मार्ट प्रकल्पातील कापूस घटकातही याच तत्त्वावर भर दिलेला आहे.

२. दव वाळल्यावर वेचणी करावी. पूर्ण फुटलेली बोंडेच वेचावीत. कवडी, किडका व पावसात भिजलेला कापूस वेगळ्या थैलीत घ्यावा व त्यावर तशी खूण करावी.

३. वेचणीसाठी व साठवणुकीसाठी सुती कापडाच्या थैल्या वापराव्यात. खताच्या किंवा प्लॅस्टिकच्या पोत्यांचे धागे रुईत गेले की ते सुतापर्यंत जातात व रंगविलेल्या कापडावर दिसतात. वेचणाऱ्या भगिनींनी डोक्याला रुमाल बांधावा, म्हणजे केस मिसळणार नाहीत.

४. थैली भरताच कापडी चिठ्ठीवर पक्क्या शाईने क्रमांक लिहून ती तोंडाशी शिवावी. तशीच दुसरी चिठ्ठी थैलीच्या आत ठेवावी. बाहेरची चिठ्ठी गळाली तर आतील उपयोगी पडते. थैली रिकामी करताना ही चिठ्ठी आठवणीने बाहेर काढावी.

५. गटाच्या काट्यावर वजन करून नोंदवहीत क्रमांक, तारीख, वजन, गट नंबर, वाण व ओलावा लिहावा. शेतकऱ्याला त्याच क्रमांकाची पावती द्यावी.

६. जिनिंगचा दिवस आधी ठरवून घ्यावा. माल उतरविण्यापूर्वी ओटा, जिन यंत्रे, रुई वाहून नेणारा पट्टा व प्रेसची पेटी झाडून घ्यावी. गटाचा एक जबाबदार सभासद त्या दिवशी सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर असावा.

७. गंजीला क्रमांक द्यावा व त्या गंजीत गेलेल्या सर्व थैल्यांचे क्रमांक उतरवून घ्यावेत. येथून पुढे थैलीचा क्रमांक संपतो व गंजीचा क्रमांक सुरू होतो.

८. पहिल्या गाठीत आधीच्या मालाचे अवशेष असू शकतात. तिच्यावर 'मिश्र' अशी नोंद करून ती लॉटमध्ये धरू नये.

९. गाठ बाहेर पडताच तिचा अनुक्रमांक व वजन गंजीच्या पानावर लिहावे. नंतर आठवून लिहू नये.

१०. गाठीतून काढलेल्या नमुन्यावर गाठीचा क्रमांक लिहून तो प्रयोगशाळेत पाठवावा. अहवाल येताच त्याच पानाला जोडावा.

पान कसे दिसावे याचा नमुना पुढे दिला आहे. यातील आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.

गंजी क्रमांक : ०३
गंजीत आलेल्या थैल्या : यादी सोबत
एकूण कापूस : १०० क्विंटल
मिश्र गाठ : क्रमांक ४१
लॉटमधील गाठी : क्रमांक ४२ ते ६०
रवाना : ट्रक क्रमांक, चलन क्रमांक, तारीख

हे एक पान म्हणजे संपूर्ण साखळीचा सांधा आहे. डावीकडे थैल्या व शेतकरी, उजवीकडे गाठी व खरेदीदार. मोबाईलवरील नोंद असो वा हाताने लिहिलेली वही, हे पान नसेल तर पुढचा कोणताही कोड शेतापर्यंत पोचत नाही.

फायदा कोठे दिसतो?

समजा, गटाने १०० गाठी विकल्या व सूतगिरणीला काही गाठींत प्लॅस्टिकचे धागे सापडले. क्रमांक व नोंदी नसतील तर खरेदीदार सर्व १०० गाठींवर वजावट मागेल आणि गटाकडे उत्तर नसेल. नोंदी असतील तर दोषी गाठी ४२ ते ६० मधील, म्हणजे गंजी क्रमांक ०३ मधील आहेत हे दाखविता येईल. वादाचा विषय १०० गाठींवरून १९ गाठींवर येईल. शिवाय त्या गंजीत कोणत्या गावच्या थैल्या होत्या हे पाहून पुढील वेचणीपूर्वी तेथे सुधारणा करता येईल.

दुसरा फायदा वाटपाचा आहे. थैली स्वीकारतानाच वजन व प्रत नोंदलेली असल्यामुळे स्वच्छ माल देणाऱ्या सभासदाला जादा रक्कम देता येते. अन्यथा सर्वांना सारखा भाव मिळतो व स्वच्छ वेचणीसाठी जादा मजुरी देणाऱ्याचा उत्साह मावळतो. गट फुटण्याचे हे एक मोठे कारण असते.

मात्र मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. क्रमांकामुळे आखूड धागा लांब होत नाही आणि जादा भाव आपोआप मिळत नाही. जो खरेदीदार उगमाची माहिती मागतो व तिच्यासाठी पैसे मोजण्यास तयार आहे, त्याच्याशी आधी बोलणी झाली तरच खर्च भरून निघतो. कापूस गावातच सरसकट भावाने द्यावयाचा असेल, तर थैल्यांच्या क्रमांकाचा उपयोग फारसा होणार नाही. तथापि स्वच्छ वेचणी व वजनाची पावती या दोन सवयी तेव्हाही हिताच्याच आहेत.

काही शंका व उत्तरे

प्रश्न : क्यूआर कोड असलेली प्रत्येक गाठ चांगल्या प्रतीची असते काय?
उत्तर : नाही. कोड ओळख देतो. प्रत ही प्रयोगशाळेच्या अहवालावरून ठरते. कोड वाचल्यावर तो अहवाल दिसतो की नाही हे पाहावे.

प्रश्न : 'मास बॅलन्स' म्हणजे काय?
उत्तर : या पद्धतीत प्रमाणित कापूस इतर कापसात मिसळला तरी चालतो; जेवढा आत आला तेवढाच प्रमाणित म्हणून बाहेर विकायचा, असा हिशोब ठेवतात. यात प्रत्यक्ष गाठीत कोणाचा कापूस आहे हे कळत नाही. बेटर कॉटन संस्थेने २०२३ साली या पद्धतीबरोबरच माल प्रत्यक्ष वेगळा ठेवून माग काढण्याची पद्धतही सुरू केली. करार करताना कोणती पद्धत अपेक्षित आहे हे लेखी घ्यावे.

प्रश्न : शासनाचा शेतकरी ओळख क्रमांक थैलीवर लिहावा काय?
उत्तर : लिहू नये. तो गटाच्या नोंदवहीत असावा. थैली अनेकांच्या हातांतून जाते. तिच्यावर गटाने दिलेला क्रमांक पुरेसा आहे.

प्रश्न : घाटावर आमच्याकडे सोयाबीन आहे. आम्हाला याचा उपयोग काय?
उत्तर : तत्त्व तेच आहे. वखारीत ठेवलेल्या सोयाबीनच्या थप्पीला क्रमांक असतो व पावतीवर तो येतो. पोत्यावरील चिठ्ठी, थप्पीचा क्रमांक व पावती यांचा मेळ ठेवावा. बियाण्यासाठी सोयाबीन राखणाऱ्यांनी तर वाण व शेतानुसार पोती वेगळी ठेवलीच पाहिजेत.

सारांश

शंभर वर्षांपूर्वी भेसळीमुळे वऱ्हाडच्या कापसाचे नाव खराब होऊ नये म्हणून गाठीवर खूण आली. आज खूण बदलून कोड झाला आहे, परंतु कारखान्यापासून शेतापर्यंतचा दुवा अजूनही आपल्यालाच जोडावयाचा आहे. त्यासाठी लागणारे साहित्य म्हणजे सुती थैली, कापडी चिठ्ठी, पक्की शाई, एक वही आणि जिनिंगच्या दिवशी ओट्यावर उभा राहणारा एक जबाबदार माणूस. येत्या हंगामात गटांनी संपूर्ण माल न घेता एका गावाची, पहिल्या वेचणीची एकच गंजी या पद्धतीने करून पाहावी. अनुभव घेऊन मग विस्तार करावा. अधिक माहितीसाठी आपल्या जवळच्या कृषि विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा.